सुतकात जिंकलेला कप

पार्से, पेडणे
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

ती. सौ. बायस,
धाकटा भाऊ सगुण याचा सा. न. वि. वि.

पत्राच्या माथ्यावर 'श्री' नाही हे बघून घाबरू नकोस. मी बरा आहे. सुतक आहे म्हणून घातला नाही. सुतकात नमस्कार लिहितात की नाही तेही मला नक्की ठाऊक नाही, पण थोरल्या बहिणीला नमस्कार न लिहिता पत्र सुरू करायला हात वळेना.

आपला मधल्या काकांचा थोरला मुंबईत शनिवारी रात्री गेला. तुला तो आठवतो का बघ. मला त्याचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही. लहानपणी एकदा चवथीला आला होता आणि आपल्या बावीचं पाणी जड आहे म्हणून जाईपर्यंत तोंड वाकडं करून बसला होता, एवढंच काय ते आठवतं. पण रक्त ते रक्त. आपल्या भाऊकीची गावात तीन घरं, त्यातली दोन कुलूपबंद, तेव्हा सुतक पाळायला राहिलो मी एकटा. तू लग्न करून सुटलीस.

आता दुसरी खबर. आपल्या नवतरुण स्पोर्टिंगने तालुक्याचा कप जिंकला. रविवारी, पेडण्याच्या मैदानावर, केरीच्या पोरांना एका गोलने हरवून. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि परत वाचलं. मी कंडक्टर म्हणून कदंबच्या बसवर चढलो त्या वर्षी आपला क्लब निघाला. पुढे मी निवृत्त झालो, कान गेले, केस गेले, आणि एवढ्या काळात चारदा फायनलला जाऊन चारदा तोंड पाडून परत आलो. आता जिंकलो, बाय. आणि मी तिथे नव्हतो.

कसं झालं ते सांगतो. मॅचच्या आधी पोरं देवळात जमतात आणि त्यांचं गाऱ्हाणं मी घालतो, हे तुला ठाऊक आहे. गावाचं गाऱ्हाणं घालणारे मानकरी वेगळे. फुटबॉलवाल्यांचं माझ्याकडे आलं, कारण सुरुवातीला ते घ्यायला दुसरा कोणी तयार नव्हता. देवीपुढे नारळ ठेवायचा, पोरांचे पाय धड ठेव, रेफ्रीला बरी बुद्धी दे, समोरच्यांनाही दुखापत नको, असं एकेक मागायचं आणि दर मागण्याला पोरांनी मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. फोनवर मला हॅलोपलीकडे काही कळत नाही, पण त्या पोरांचा 'व्हय म्हाराजा' माझ्या पाठीला लागतो. त्याला कान लागत नाहीत.

रविवारी सकाळी पाववाल्या पोदेराचे गरम उंडे घेऊन चहाला बसलो होतो, तोच रुद्रेश आला. रुद्रेश म्हणजे शेजारचा, आमचा कॅप्टन. मुंबईची खबर त्याच्या मोबाइलवर आली होती, कारण माझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे विजेच्या खांबाशी बोलणं. त्याने कानाशी येऊन सांगितलं. मग म्हणाला, मामा, हे मी तुम्हाला संध्याकाळी सांगितलं असं धरूया का. सुतक कळल्यापासून लागतं हे त्या पोरालाही माहीत. मी म्हटलं, कळलं ते कळलं, देवीशी लपंडाव नको. गाऱ्हाणं क्लबच्या अध्यक्षांना घालायला सांग. तो पाया पडायला वाकला आणि अर्ध्यातच त्याने हात मागे घेतला. सुतक्याला शिवून देवळात कसा जाणार? तसाच निघून गेला.

मैदानावर तरी का गेला नाहीस, असं तू विचारशील. गेलो असतो तर कोपऱ्यात गप बसलो असतो का मी? एखाद्याच्या पाठीवर हात मारला असता, एखाद्याला मिठी घातली असती. देवीचं फूल खिशात घालून खेळायला उतरलेली पोरं ती. म्हणून घरी राहिलो. दुपारी सगळा गाव पेडण्याला गेला. वाड्यावर मी, दोन गाई आणि आजारी माणसं. सोप्यावर बसून होतो. संध्याकाळी देवळाच्या बाजूला आभाळात धूर दिसला, फटाक्यांचा. आवाज मला पोचला नाही. धुरावरून कळलं की जिंकलो.

मग कप गावात फिरला. टेंपोवर ठेवून, ढोल-ताशे लावून. शिगम्याच्या मेळासारखा दारोदार थांबत होता. बायका आरती घेऊन बाहेर येत होत्या, कपाला कुंकू लावत होत्या, पोरांना साखर भरवत होत्या. माझ्या दाराशी टेंपो सावकाश झाला, पण थांबला नाही. सुतकाच्या घरी कप कसा आणणार? ते मलाही कळत होतं. मी आपला फाटकाच्या आत उभा राहून हात हलवत होतो. साईशने, ज्याने गोल घातला त्याने, कप दोन्ही हातांनी वर धरून मला दाखवला. आणि आमचे अध्यक्ष माइकवरून म्हणाले की सगुणमामाला सुतक आलं आणि पार्सेला कप आला, तेव्हा मामाने दरवर्षी फायनलला असंच घरी बसावं. सगळा टेंपो हसला. लाउडस्पीकर होता, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला. मीसुद्धा हसलो.

पण दिवा लावून आत बसलो आणि विचार करायला लागलो. चार फायनलना मी होतो, चारही गेल्या. एका फायनलला नव्हतो, ती आली. बसवर तिकिटं फाडण्यात जन्म गेला, हिशेब मला कळतो. बाय, मी पांढऱ्या पायाचा आहे का? तू थोरली आहेस. खरं काय ते लिही.

भावोजींना नमस्कार, सिद्धेश आणि रेश्माला आशीर्वाद. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सगुण


॥ श्री ॥

डिचोली
२७ जानेवारी २०२५

चि. सगुण यास,
बायचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. 'श्री' नाही हे बघून मी आधी देवाला हात जोडले आणि पहिली ओळ वाचल्यावर तुला शिव्या घातल्या. एवढं मोठं कोरं कपाळ करून पत्र पाठवण्याआधी बहिणीचं वय तरी बघायचं.

गेलेल्याला सद्गती मिळो. मला तो चांगला आठवतो. पाण्याला नावं ठेवायचा आणि पाच ग्लास प्यायचा.

आता तुझ्या प्रश्नाचं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, तर कावळ्याने काय जन्मभर झाडावर बसायचं सोडायचं? पांढऱ्या पायाचा म्हणे. पाय मी बघितलेत तुझे. चिखलाने कधी पांढरे दिसलेच नाहीत. तू जन्मलास त्या आठवड्यात आपली म्हैस व्याली, बाबांची पगारवाढ झाली आणि माझा ताप उतरला. तेव्हा कोणी माइकवर सांगितलं नाही. आणि फायनलपर्यंत पोचायला आधीच्या मॅची जिंकाव्या लागतात ना? त्या सगळ्यांना तू होतास. त्या कोणाच्या पायाने जिंकल्या? तो तुझा अध्यक्ष कोण मोठा लागून गेला? बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, पण ऐकणाऱ्याने सगळं गाठोडं बांधून घरी आणायचं कशाला?

फुटबॉलपायी तू काय काय सोडलंस ते मला माहीत आहे. इब्रामपूरची मुलगी बघायला जायचं ठरलं, चहा-पोहे झाले, मुलीकडचे वाट बघून थकले आणि नवरदेव मैदानावर. आई ते जाईपर्यंत विसरली नाही. मी विसरले, कारण ती मुलगी पुढे फार भांडकुदळ निघाली असं कानावर आलं. एवढं करून त्या फुटबॉलनेच तुला घरी बसवावं हे मला खपत नाही.

सिद्धेशने मला फायनल त्याच्या मोबाइलवर दाखवली. मला तर हिरव्या चादरीवर मुंग्या पळताना दिसल्या. शेवटी सगळ्या मुंग्या एकावर एक पडल्या, तेव्हा तो म्हणाला, बघ, मामाची टीम जिंकली. मला तेवढ्यात तुला शोधायचं होतं. तू तिथे नाहीस हे माहीत असून सवयीने शोधत राहिले.

इथलं सगळं ठीक. भावोजींची साखर वाढली आहे आणि ते ती माझ्यापासून लपवून वाढवतात. रेश्मा साखळी गावच्या दवाखान्यात नोकरीला लागली, त्यामुळे सकाळचा स्वयंपाक परत माझ्या गळ्यात. तक्रार नाही, आपलं सांगितलं.

मुख्य गोष्ट राहिली. सिद्धेश म्हणतो की तालुक्याचे कप जिंकलेले आता एकमेकांत खेळणार, आणि पार्सेची गाठ आमच्या डिचोलीच्या टीमशी आहे. रविवार १६ फेब्रुवारी, इथल्याच मैदानावर. आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं. तोवर तुझं सुतक कधीच फिटलेलं असेल. तू शुक्रवारी ये, चार दिवस राहा. मी चण्याच्या डाळीचं गोड मणगणें करते. सिद्धेश डिचोलीकडून ओरडेल, तू पार्सेकडून ओरड, भावोजी मध्ये बसतील.

येतोस की नाही ते कळव. 'नाही' लिहायचं असेल तर पोस्टाचा खर्च करू नकोस.

आठवण काढणारी,
बाय


॥ श्री ॥

पार्से
३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. बायस,
सगुणचा सा. न. वि. वि.

सुतक फिटलं. घर धुतलं, अंघोळ करून देवळात जाऊन आलो. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि म्हशीच्या ठिकाणी तीनदा हसलो. इब्रामपूरच्या मुलीचं मात्र तू मला हे आत्ता सांगतेस. आधी सांगितलं असतंस तर माझ्या जिवाला केवढा आराम पडला असता.

मी डिचोलीला येत नाही. 'नाही' साठी पोस्टाचा खर्च केला, रागावू नकोस. कारण नीट सांगतो.

परवा क्लबच्या खोलीवर गेलो होतो. दाराला कुलूप. जनेलातून बघितलं तर कप कपाटात ठेवला आहे, बायकांनी लावलेलं कुंकू तसंच सुकलेलं. माझ्या मनात होता त्याच्या निम्माच आहे. इतकी वर्षं मी तो डोळ्यांनी एवढा मोठा करून ठेवला होता, की हा बघून दुसऱ्याच कुठल्या स्पर्धेचा असेल असं वाटलं. बराच वेळ उभा होतो. कोणी आलं नाही.

जिंकल्यावर असं होत असेल हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. हरल्यावर बोलायला किती असायचं. तो पास तिकडे दिला असता तर, तो कीपर अर्धं पाऊल पुढे असता तर. माझ्या बसमध्ये पार्सेपासून म्हापशापर्यंत तेच चालायचं, उतरणारे थांबा चुकवायचे. पुढच्या फायनलपर्यंत ते पुरायचं. आता रस्त्यावर माणूस भेटतो, जिंकलो बरं का म्हणतो आणि पुढे जातो. त्यावर काय बोलायचं? जिंकलो म्हणजे जिंकलो. मी तर मॅच बघितलीही नाही. गोल कसा झाला ते मला चारजणांनी चार तऱ्हांनी सांगितलं, आणि चौघांनाही मध्येच आठवलं की आपल्याला कामं आहेत.

मी जन्मभर वाट बघितली ती याच दिवसाची ना? तो येऊन गेला. सकाळी उठलो की आता कशाची वाट बघायची ते कळत नाही. एकटं वाटतं, बाय. या वयात असं लिहायला लाज वाटते, पण तुला नाही लिहिणार तर कोणाला लिहू.

सुतक फिटल्यावर वाटलं होतं, सोळा तारखेच्या मॅचचं गाऱ्हाणं सांगायला पोरं येतील. सोपा झाडून घेतला. बांकावर चादर घातली. कोणी आलं नाही. काल पोदेराकडे रुद्रेश समोरून येत होता. मला बघितलं आणि त्याने स्कूटर वळवून दुसऱ्या रस्त्याने नेली. शेजारचं पोर, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेलं. मग मला उमजलं. अध्यक्ष माइकवर जे बोलले ते नुसतं गमतीचं नव्हतं. पोरांनाही तसंच वाटतं, फक्त तोंडावर सांगायची हिंमत नाही. मला त्यांचा राग नाही. बिचाऱ्यांनी कप एकदाच बघितला आहे, त्यांना तो परत बघावासा वाटला तर त्यात काय चूक? अध्यक्षांचं गाऱ्हाणं देवीला मानवलं आहे, तर त्यांनीच घालावं.

तेव्हा मी ठरवलं आहे की यापुढे घरीच बसायचं. तू लिहिलंस ते डोक्याला पटतं. पण समजा मी आलो आणि ते हरले, तर तुझी म्हैस काय कामाची? पोरांसाठी मी एवढंच करू शकतो, तेवढं तरी करू दे.

एक मागणं आहे. तू मैदानावर जा. तुला त्यातलं काही कळत नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच तुला सांगतो. कळणारे लोक आपली अक्कल सांगतात, तू दिसेल ते लिहिशील. आपली पोरं पिवळ्या जर्सीत असतात. त्यांच्याकडे बघ आणि मला लिही.

भावोजींना सांग, साखर मीही लपवून खातो, पण माझ्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही, त्यामुळे मजा येत नाही. तुझा जीव माझ्यावर आहे, तो तिथेच असू दे.

तुझा,
सगुण


॥ श्री ॥

डिचोली
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सगुण यास,
अनेक आशीर्वाद.

तू आला नाहीस म्हणून मी दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाही. मग रविवारी छत्री घेतली आणि गेले. आता वाच, दिसलं ते लिहिते.

आधी निकाल सांगून टाकते, नाहीतर तू मधली पानं सोडून शेवटाकडे पळशील. पिवळे हरले. दोन-एक.

मैदानावर बायका मोजक्याच. सिद्धेशने मला डिचोलीवाल्यांत बसवलं, म्हणजे मी शत्रूच्या गोटात. सुरू व्हायच्या आधी पिवळी पोरं एका कोपऱ्यात गोल करून उभी राहिली आणि एक पांढऱ्या कपड्यांतला गृहस्थ काहीतरी म्हणायला लागला. तोच तुझा अध्यक्ष असणार. मोबाइलवर बघून गाऱ्हाणं म्हणत होता. पोरं माना खाली घालून व्हय म्हाराजा म्हणत होती, पण ते ऐकून देवी उठून बसेल असं काही मला वाटलं नाही.

मग खेळ. चेंडू एकाकडे आला की बाकीचे त्याच्यावर धावतात, आणि दुसऱ्याकडे गेला की पहिल्याला सोडून देतात. आमच्या घरात भावोजींच्या चष्म्याचं असंच चालतं. पहिला गोल तुमच्या साईशने घातला. मी छत्री वर करून ओरडले, तर आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि सिद्धेशने मान खाली घातली. नंतर आमच्या लोकांनी एक घातला. मग बराच वेळ नुसती पळापळ. शेवटी शेवटी तुमच्या एका पोराचा पाय कोणाला तरी लागला, रेफ्रीने शिटी फुंकली, चेंडू मांडून दिला आणि त्यांनी मारला. कीपर एकीकडे गेला, चेंडू दुसरीकडे. झालं.

यानंतरचं मी तुला सावकाश लिहिते. डिचोलीचे फटाके लावायला लागले. तुझे अध्यक्ष गाडीत बसून निघून गेले. गावाहून आलेली माणसंही पांगली. पोरं गवतावर बसून राहिली. सिद्धेश म्हणत होता चल घरी. मला जाववेना. मी मैदान ओलांडून त्यांच्याकडे गेले. काय बोलणार होते देव जाणे.

रुद्रेशने मला लगेच ओळखलं. म्हणाला, नाक मामाचंच. आणि पहिलं विचारलं ते हे, की मामा माझ्यावर अजून रागावले आहेत का. मला कळेना कसला राग. तेव्हा त्याने सांगितलं. त्या सकाळी ती खबर त्याने तुला सांगितली नसती, संध्याकाळपर्यंत खिशात ठेवली असती, तर तू फायनलला असतास. जन्मभर वाट बघितलेला माणूस आपल्यामुळे घरी बसला, हे त्याच्या मनात रुतून बसलं आहे. त्यात टेंपोवरची ती गंमत. तू हसलास, पण तुझा चेहरा त्याने बघितला होता. तेव्हापासून तुझ्यासमोर यायला त्याचा पाय उचलत नाही. म्हणून ती स्कूटर वळली, शहाण्या.

मी म्हटलं, माझा भाऊ रागावलेला नाही, तो नुसता वेडा आहे. मग विचारलं, तुम्ही इथे का बसून आहात, घरी का जात नाही. तर साईश म्हणाला की हरल्यावर आम्ही कधी सरळ घरी जात नाही, मामाकडे जातो. घरी गेलं की बाप विचारतो, भाऊ विचारतो, शेजारी फाटकात येऊन विचारतात. मामाकडे विचारणारं कोणी नाही. मामा चहा करतात आणि काही विचारत नाहीत. आज तिकडे जायला तोंड नाही, म्हणून इथे बसलो.

हे तू मला इतक्या पत्रांत कधी लिहिलं नव्हतंस. मला वाटायचं, माझा भाऊ एकटा राहतो, मॅच झाली की रिकाम्या घरात जातो, आणि त्या विचाराने मला इथे भरल्या घरात जेवण जायचं नाही. सगुण, जिंकण्यासाठी त्यांना देवी चालते, अध्यक्ष चालतो, नशीब चालतं. हरल्यावर जायला त्यांना एकच घर आहे.

मी त्यांना सांगितलं की उठा आणि जा. तोंड नसेल तर बिनतोंडाचे जा, पण जा. गेले की नाही ते मला माहीत नाही. टेंपो म्हापशाच्या दिशेने वळला तेवढं बघितलं.

तब्येतीला जप. मला लवकर लिही, नाहीतर मीच येऊन उभी राहीन.

तुझी,
बाय


॥ श्री ॥

पार्से
२१ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. बायस,
सगुणचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. पण निकाल मला त्याच दिवशी कळला होता. कसा कळला आणि मला काय वाटलं, दोन्ही तुला सांगितलं पाहिजे. दुसरं सांगायला जरा कठीण आहे.

रविवारी दुपारपासून सोप्यावर बसलो होतो. काळोख पडत आला, तरी देवळाच्या बाजूला धूर नाही. तेव्हाच कळलं की हरलो. आणि बाय, माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आनंद. मी घरी बसलो आणि तरी हरले, म्हणजे मी पांढऱ्या पायाचा नाही. त्याच्या मागून दुसरं आलं, ते याहून वाईट. वाटलं, हरले, म्हणजे आता येतील. उठून चुलीवर मोठं भांडं चढवलं. पोदेराच्या संध्याकाळच्या फेरीला नेहमीपेक्षा जास्त उंडे मी आधीच घेऊन ठेवले होते. आधीच, बाय. मॅच चालू असताना. देवीकडे मी तसं काही मागितलं नव्हतं, पण तिला मनातलं वेगळं सांगावं लागत नाही.

ते आले. टेंपो फाटकाशी थांबला, एकेक जण खाली मान घालून सोप्यावर येऊन बसला. मी चहा दिला, उंडे आणि मुगाची उसळ दिली. काही विचारलं नाही. साईश रडला. तो रडून झाला तेव्हा योगेशने, म्हणजे आमच्या कीपरने, आपण पेनल्टीला उलटीकडे कसा पडलो ते माझ्या सोप्यावर पडून दाखवलं आणि बांकाचा कोपरा लागून घेतला. त्यावर सगळे हसले. रुद्रेश सगळ्यांत शेवटी उठला. माझ्याजवळ आला आणि वाकून पाया पडला. या वेळी हात मागे घेतला नाही. मी त्याला एक सणसणीत धपाटा घातला. दोघांचंही काम झालं.

ते गेल्यावर भांडी विसळताना मला रडू आलं. मी कसला रे यांचा मामा, असं वाटलं. आपल्याच पोरांच्या हरण्याची वाट बघत बसलेला म्हातारा. तुझं पत्र वाचून जास्तच लागलं, कारण तू म्हणतेस ते खरं आहे. त्यांना हरल्यावर माझं घर आहे. पण मलाही माणसं मिळतात ती ते हरल्यावरच. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि मला कळलं नाही, कारण जिंकायची वेळच आली नव्हती.

तेव्हा विचार करून ठरवलं आहे ते लिहितो. पावसाळ्यानंतर नवा हंगाम सुरू होईल. रुद्रेशने गाऱ्हाण्याचं मला सांगून ठेवलं आहे. मी देवळात उभा राहणार आणि पोरांना जिंकू दे असंच मागणार. तोंडाने नव्हे, मनातून मागणार. मनाला मागच्या दाराने दुसरं काही मागू देणार नाही, हे सोपं नाही, पण करणार. मैदानावरही जाणार. जिंकले तर कप दारोदार फिरेल, माझ्या दाराशी ओवाळायला कोणी नाही, पोरं दोन मिनिटं थांबतील आणि पुढे जातील. ती त्यांची घरी जायची रात्र. तिथे त्यांना विचारणारी माणसं असतात आणि त्या रात्री त्यांनी विचारलेलं पोरांना हवं असतं. मी फाटकातून हात हलवीन.

आई गेल्यापासून तू कधी माझ्याकडे राहायला आली नाहीस, कारण मीही कधी बोलावलं नाही. बहिणीला बोलावण्यासारखं माझ्या घरात काही आहे असं वाटलंच नाही. आता बोलावतो. पुढच्या फायनलला ये. भावोजींना घेऊन ये किंवा त्यांना साखरेच्या डब्याबरोबर सोडून ये.

हरलो तर माझ्याकडे पोरं आहेत. जिंकलो तर मला कोणीतरी लागेल, बाय.

तुझा,
सगुण